एकच पान, सुटणाऱ्या बायकांसाठी: काय लिहायचं, काय गाळायचं?

तिरकी_रेघ
मंडळी, तुरुंगातून सुटणाऱ्या बायकांसाठी एक पान लिहायचं आहे, त्यासाठी हा धागा. ए-फोर कागद, एकच बाजू, मोठा टाइप. विधी सेवा समितीच्या टेबलावर ठेवता येईल, तुरुंगाच्या मुलाखत (भेटीच्या) खिडकीबाहेर हातात देता येईल असं. 'अटक झाली तर तुमचे हक्क' या विषयाची पत्रकं ढिगाने आहेत. सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही, झडती बाईनेच घ्यायची वगैरे. पण जामीन मंजूर झाल्यापासून पुढचा महिनाभर काय करायचं, हे मराठीत एका जागी सापडत नाही.
३१ डिसेंबर २०२२ चे एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे बघितले तर देशभरात ५,७३,२२० बंदी, त्यात बायका २३,७७२. शंभरात चार. सगळी व्यवस्था उरलेल्या शहाण्णवांच्या मापाने शिवलेली, आणि या चौघींनी ती टाचण्या लावून घालायची.
प्रश्न असा: कुठे अडतं, का अडतं, आणि काय केलं तर सुटतं? भावना नकोत, तपशील द्या.

कोर्टकचेरी
पहिली ओळ नावाची ठेवा. पुरुषाचं नाव जन्मभर एकच. बाईचं एफआयआरमध्ये माहेरचं, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर आडनावच गाळलेलं, आणि पोलिसांनी वस्तीत विचारून लिहिलेलं 'उर्फ' ते चौथंच. जामिनाचा आदेश यातलं एक नाव घेऊन निघतो. तुरुंगाच्या दारावर तो मूळ वॉरंटशी ताडून बघतात: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं. एक गोष्ट जुळली नाही की कागद परत. मग दुरुस्तीचा अर्ज. शुक्रवारी संध्याकाळी असं झालं तर सोमवारपर्यंत बाई आतच.
उपाय साधा आहे. रिमांडच्या पहिल्याच तारखेला वकिलाला सांगून सगळी नावं 'उर्फ' लावून रेकॉर्डवर आणायची. जामीनअर्जातलं नाव वॉरंटवरून उतरवायचं, आधारवरून नाही. तपासात कलम वाढलं असेल तर ते आदेशात आलंय का, हे कोर्टातच वाचून घ्यायचं.
आणि जामिनाचा आदेश नि सुटकेचा आदेश हे दोन वेगळे कागद आहेत, हे ठळक टाइपात छापा. पहिला मिळाला की नातेवाईक पेढे आणतात. दुसरा निघतो तो जामीनदार उभा राहून बाँड भरल्यावर. दोन गुन्हे असतील तर दोन्हींत वेगवेगळा. एकात सुटली आणि दुसऱ्यात प्रॉडक्शन वॉरंट (तुरुंगातून कोर्टात हजर करायचा हुकूम) पडून राहिलं असेल तर दार उघडत नाही.

सरळसोट
बायकांना जामीन लगेच मिळतो असं ऐकून आहे. मग एवढा काथ्याकूट कशाला?

कोर्टकचेरी
@सरळसोट, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये (जुनं सीआरपीसी ४३७) परंतुक (अपवादाची पुस्ती) आहे: गुन्हा फाशी-जन्मठेपेचा असला तरी आरोपी बाई असेल तर कोर्ट जामीन देऊ शकतं. 'देऊ शकतं'. 'देईल' नाही. पीएमएलएच्या (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ४५ मध्येही तशीच सवलत आहे आणि तिथेही क्रियापद तेच.
शिवाय जामीन 'मिळणं' हा अर्धाच रस्ता. आदेश होऊनही आत बसलेल्या बायका असतात, कारण जामीनदार नाही.

निळी_शाई
जामीनदारावर जरा सविस्तर, कारण खरी गाठ इथे आहे.
कोर्टाला हवा असतो ऐपतदार माणूस. आधार, रेशन कार्ड, फोटो, आणि ऐपतीचा पुरावा: सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपत दाखला. याआधी किती जणांना जामीन राहिला तेही त्याला लिहून द्यावं लागतं. आता बाईच्या बाजूने बघा. जमीन नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर. नवरा त्याच गुन्ह्यात आत, किंवा फिर्यादी, किंवा मेलेला. भावाला गावात तोंड दाखवायचंय. पुरुषासाठी बायको, आई, मेहुणा कुणीतरी मंगळसूत्र मोडून धावतं. बाईसाठी मंगळसूत्र मोडणारी बाई स्वतःच आत असते.
काय करता येतं, क्रमाने:
एक. रोख जामीन मागायचा. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रकमेवर सोडा, अशी विनंती त्याच जामीनअर्जात घालायची. नंतर वेगळा अर्ज करण्यात आठवडा जातो.
दोन. सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश. आदेशाची प्रत ईमेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांकडे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटूनही बाँड भरला गेला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. 'बाहेर आल्यावर जामीनदार आणते' असं बंदीनं म्हटलं तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीनही देता येतो. आणि स्थानिकच जामीनदार हवा हा हट्ट धरायचा नाही. हे शेवटचं १९७८ च्या मोतीराम निकालापासून चालत आलंय, तरी अजून सांगावं लागतं.
तीन. गरीब बंद्यांसाठी केंद्राची मदत योजना, २०२३. मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत. जिल्ह्याची समिती मंजूर करते. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), पीएमएलए, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा यांतले गुन्हे वगळलेले. अमली पदार्थांच्या केसमध्ये पाकीट पोचवायला वापरलेली बाई म्हणून या योजनेतून बाहेर पडते.

आडगावचा_आबा
लग्न ठरवताना सातबारा बघतात, जामीन ठरवताना सातबारा बघतात. मधे बाईच्या नावावर काही करायचं तेवढं राहून जातं.

पाणपोई
निळी_शाई यांनी पैशाचं सांगितलं. आतल्या शरीराचंही थोडं लिहिते, कारण बाहेर आल्यावरचे निम्मे प्रश्न आतूनच येतात.
२०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये सॅनिटरी पॅड 'गरजेप्रमाणे' द्यायचे असं आहे. प्रत्यक्षात वाटप पाकिटावर चालतं. जिला गाठीचा त्रास आहे किंवा पाळी जायच्या वयात रक्तस्राव वाढलाय तिला ते पुरत नाही. उरलेले कॅन्टीनमधून विकत घ्यायचे, म्हणजे खात्यावर पैसे हवेत. खात्यावर पैसे म्हणजे बाहेरून मनीऑर्डर करणारं कुणी हवं. संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत आतला संडास आणि भरून ठेवलेलं पाणी एवढंच.
तारखेचा दिवस वेगळाच. सकाळी गाडीत बसवतात, कोर्टाच्या लॉकअपमध्ये बायकांचा धड संडास नाही, परत यायला संध्याकाळ. म्हणून बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी मग दवाखान्याच्या रांगेत उगवतात.
आणि दवाखान्याची रांगही अशी: तुरुंगाबाहेरच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं तर महिला पोलीस गार्ड लागते. गार्ड बंदोबस्ताला गेली की सोनोग्राफीची तारीख गेली. नवी तारीख दीड महिन्याने.
पानावर एवढं घ्या: सुटताना तुरुंगाच्या दवाखान्यातले केसपेपर, रिपोर्ट यांची प्रत मागा. टीबीचं औषध चालू असेल तर निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदीचा नंबर) लिहून घ्या, त्यावरून कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा कोर्स चालू होतो. एचआयव्हीचं औषध चालू असेल तर एआरटी केंद्राचं ट्रान्सफर पत्र. मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम तुटल्या तर त्रास उलटू शकतो, तेव्हा निदान काही दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी हातात असल्याशिवाय दार ओलांडू नये.

रानजाई
तारखेच्या गाडीवर उपाय म्हणून व्हीसीवर (तुरुंगातूनच व्हिडिओवर) हजेरी वाढवली गेली. तब्येतीला बरं. पण एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत. पुष्कळ बायकांना मुलाखतीला कुणी येत नाही, मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात आई किंवा मुलगी पाच मिनिटं भेटून जाते, कारण कोर्ट तालुक्याच्या गावी असतं आणि तुरुंग शंभर किलोमीटरवर. व्हीसीमुळे ती भेटही संपते. वकिलाशी बोलायची एकमेव जागासुद्धा तीच.

कोर्टकचेरी
पटतं. म्हणून व्हीसी नको असेल त्या तारखेला प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज द्यावा. साक्षीपुराव्याच्या तारखांना तर द्यावाच. आपल्याविरुद्ध साक्षीदार काय बोलतोय ते स्पीकरच्या खरखरीत कळत नाही.

निळी_शाई
खरं दुखणं अंतराचं आहे. स्वतंत्र महिला तुरुंग वाढवा, म्हणजे गाडी रुळावर येईल.

रानजाई
इथे माझं उलट मत. स्वतंत्र महिला तुरुंग म्हणजे भायखळा, येरवडा. सोलापूर-नांदेडकडची बाई तिथे टाकली की मुलाखत संपलीच. १८९४ च्या प्रिझन्स अॅक्टमध्ये बायकांना वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या भागात ठेवा एवढंच आहे, वेगळ्या जिल्ह्यात नाही.

निळी_शाई
पण जिल्हा तुरुंगातला महिला विभाग म्हणजे काय असतं? पुरुषांच्या तुरुंगाच्या कोपऱ्यात भिंत घालून केलेली एक-दोन बराकींची खोबण. दवाखाना, ग्रंथालय, कारखाना, सगळं भिंतीपलीकडे. पलीकडे जायचं तर सोबत हवी, म्हणून जाणंच नको. शिवणकामाचं एखादं मशीन आणि टीव्ही. स्वतंत्र तुरुंगात निदान बाई डॉक्टर, पाळणाघर, प्रशिक्षण हे तिच्यासाठी म्हणून असतं.

पाणपोई
दोघांचंही बरोबर आणि म्हणूनच अवघड. कच्च्या कैदेत घराजवळ, शिक्षा लागल्यावर सोयी असलेल्या ठिकाणी, अशी मधली वाट निघू शकते. येरवड्याला महिलांचं खुलं कारागृहही २०१० साली सुरू झालं, पण तिथे पोचायला आधी शिक्षा लागावी लागते. एकूण बंद्यांत तीन चतुर्थांशांवर कच्चे कैदी आहेत, ही खरी पंचाईत.

शब्दवेडा
अवांतर: 'मुलाखत' हा शब्द तुरुंगात भेटीसाठी वापरतात, बाहेर नोकरीसाठी. एकीत पास झालं की आत बसायचं, दुसरीत वीस मिनिटांनी परत. आणि 'संचित रजा', 'अभिवचन रजा' ही फर्लो आणि पॅरोलची, म्हणजे शिक्षा झालेल्यांना मिळणाऱ्या रजेची, अधिकृत मराठी नावं. ऐकून वाटतं शिक्षकांच्या सेवापुस्तकातली पानं.

तिरकी_रेघ
@शब्दवेडा :) पण संचित रजेचा मुद्दा घ्यायला हवा. पुढे सांगा कुणी.

कोर्टकचेरी
१९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांत अशी अट आहे की रजेवर ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा आणि त्याने जामीनपत्र लिहून द्यायला हवं. कागदावर ही अट पुरुष-बाई दोघांनाही सारखीच. पण पोलीस चौकशीला घरी जातात तेव्हा सासरचे म्हणतात, 'आम्हाला ती नको', माहेरचे म्हणतात, 'लग्न करून दिलं, आमचा संबंध नाही'. प्रतिकूल अहवाल. रजा नाकारली. पुरुषाच्या वेळी म्हातारी आई 'येऊ द्या हो' म्हणते.
उपाय: अर्जात दोन नातेवाइकांची नावं द्यायची, पत्ते दोन वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांतले. विवाहित बहीण चालते, मावशी चालते. त्यांना आधीच पत्र पाठवून तयार ठेवायचं. पोलीस दारात आल्यावर पहिल्यांदाच ऐकणारी बहीण घाबरून नाहीच म्हणते.

सरळसोट
माझं आधीचं वाक्य मागे घेतो. आता मुलांबद्दल सांगा. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं एवढं माहीत आहे. ठेवावं का?

रानजाई
नियम आधी, मत नंतर.
आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश, १३ एप्रिल २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. मूल सहा वर्षांचं होईतो आईजवळ. मुलाला कैदी म्हणून वागवायचं नाही. आहार, लस, पाळणाघर, बालवाडी. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात. आणि जन्म आत झालाच तरी जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, त्या भागाचा पत्ता लिहायचा. दाखला हातात आला की हे तपासा. चूक तेव्हाच दुरुस्त होते. शाळेत घालताना सापडली तर निबंधक, प्रतिज्ञापत्र, सहा चकरा.
सहा वर्षांनंतर मूल आईच्या मर्जीने नातेवाइकाकडे, नाहीतर संस्थेत. संस्थेत असेल तर आठवड्यातून एकदा तरी भेट, असं त्याच निकालात आहे.

आडगावचा_आबा
मत द्या की. नियमांवर थांबलात.

रानजाई
तीनपर्यंत ठेवावं, पुढे घरात खरोखर सांभाळणारं माणूस असेल तर बाहेर. चार-पाच वर्षांच्या मुलाला कुलूप, गिनती, झडती हेच जग वाटायला लागतं. कुत्रा, बस, पायऱ्यांची गल्ली, आजोबांच्या वयाचा पुरुष, काही पाहिलेलं नसतं. दार कुणीतरी दुसऱ्याने उघडायचं असतं अशी सवय लागते, स्वतः कडीला हात लावत नाही.

पाणपोई
असहमत. 'सांभाळणारं माणूस' हे बोलायला सोपं. आईने चौकशीविना मूल दिराकडे दिलं आणि वर्षभरात ते शाळेतून काढून कामाला लावलं, हा नेहमीचा घसरता रस्ता आहे. मूल बाहेर द्यायचं तर बालकल्याण समितीपुढे नोंद करून द्या, तोंडी नको. नोंद असली की समिती घरभेट मागवू शकते, आई आतून अर्ज करून मुलाची खबर मागू शकते. नातेवाईक गरीब असतील तर राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे. आणि हो, आईला अटक झाली त्या दिवशी घरी एकटं राहिलेलं मूल, त्याच्यासाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. अटक करणाऱ्याला विचारायला लाजू नये: 'घरी मूल आहे, त्याचं काय केलंत?' पंचनाम्यात हा रकाना नसतो.

रानजाई
नोंदीचं मान्य. शंभर टक्के.

तिरकी_रेघ
आता दाराबाहेरचं. समजा बाई संध्याकाळी सुटली. हातात काय असतं?

कोर्टकचेरी
तुरुंगात जमा केलेल्या वस्तू आणि खात्यात उरलेले पैसे दारावर सही घेऊन देतात. लोक गोंधळतात ते इथे: मोबाइल, दागिने बहुतेकदा तुरुंगात जमा नसतातच. ते पोलीस ठाण्यात, अंगझडती पंचनाम्यावर किंवा मुद्देमाल म्हणून. तुरुंगाच्या दारावर भांडून उपयोग नाही. मुद्देमाल असेल तर कोर्टात परतीचा अर्ज (नवीन संहितेत कलम ५०३), सोबत खरेदीची पावती किंवा फोटो. नुसतीच अंगझडतीतली वस्तू असेल तर पंचनाम्याची प्रत घेऊन ठाण्यात लेखी अर्ज. म्हणून अटकेच्या वेळी पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून सही करायची. 'पिवळ्या धातूचे मणी' असं लिहिलेलं असतं, ते वजनासकट लिहायला सांगा.

निळी_शाई
मोबाइलवरून पुढची साखळी. तीन महिने न वापरलेलं सिम बंद होतं, नंबर दुसऱ्याला जातो. आधारला तोच नंबर जोडलेला. म्हणजे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. बँक, रेशन, सगळं ओटीपीवर अडतं. क्रम लक्षात ठेवा, उलटा केला तर चकरा वाढतात:
आधी नवीन सिम. आधार आणि बोटाचा ठसा असला की मिळतं, जुना नंबर लागत नाही. मग आधार केंद्रात प्रत्यक्ष जाऊन नवा नंबर जोडणं. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. पैसे कुठे जात नाहीत. केवायसीचे कागद देऊन खातं चालू करून घ्यायचं, त्याला शुल्क नाही. दहा वर्षं उलटली असतील तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली असते, तरी बँकेतूनच दावा करता येतो. शेवटी रेशन. ई-केवायसी न झालेलं नाव कार्डावरून गळतं, आणि घरच्यांनी आपणहून काढून टाकलं असेल तर वेगळा अर्ज.
मूळ आधार कार्डच पोलिसांकडे किंवा सासरी राहिलं असेल तर केंद्रातून ठशावर नंबर शोधून देतात.

आडगावचा_आबा
एवढं सगळं करायचं आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे महिन्याला चार खाडे त्यातच.

कोर्टकचेरी
आबा, हजेरीची अट बदलून मागता येते. चार्जशीट दाखल झालं की हजेरीचा मूळ हेतू बहुतेक संपतो. साध्या अर्जावर आठवड्याची महिन्याला होते. चुकवायची मात्र नाही, आणि कोर्टाची तारीख तर अजिबात नाही. तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट, जामीनदाराची रक्कम जप्त. मग पुढच्या वेळी तो मावसभाऊ फोन उचलत नाही. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर कागदावर लिहून घ्या, ई-कोर्ट्स अॅपवर तारीख दिसते. वकिलावर विसंबू नका. वकील वाईट नसतात, त्यांच्याकडे शंभर तारखा असतात.

सरळसोट
आणि अजून आत असलेल्या? ज्यांचा जामीनच होत नाही?

कोर्टकचेरी
त्यांनी दिवस मोजावेत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामीन. आधी कधीच शिक्षा न झालेल्यांना एक तृतीयांश. सात वर्षांच्या कलमात एक तृतीयांश म्हणजे २८ महिने. अर्ज करणं हे अधीक्षकांचंही काम आहे. मात्र एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हे कलम लागत नाही. भुरट्या चोरीच्या पाच केसेस अंगावर घेतलेली बाई म्हणूनच अडकते.

मुक्काम_पोस्ट
वाचनमात्र होतो, पण याच्यावर लिहायला हवं. अंगावर केसेस 'घेतलेल्या' नसतात, घातलेल्या असतात. पारधी वस्तीतली बाई असेल तर नोंदवहीत जात बघूनच सुरुवात. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी रद्द केली आणि बंद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. आत संडास कुणी धुवायचे हे आडनावावरून ठरवता येणार नाही. कुणी ठरवत असेल तर विधी सेवेच्या भेट देणाऱ्या वकिलाकडे लेखी तक्रार. पानावर ओळ टाकाच.

तिरकी_रेघ
टाकतो. घरचा प्रश्न राहिला. सासरी दार उघडलं नाही तर?

पाणपोई
त्याला कायद्याचं उत्तर आहे, वापरत कुणी नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, कलम १७: ज्या घरात ती नांदली तिथे राहायचा हक्क, घर कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. सासूसासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. कलम १२ चा अर्ज, कलम १९ चा निवास आदेश. संरक्षण अधिकारी अर्ज लिहून देतो, पैसे लागत नाहीत. शिक्षा भोगून आलेल्या बाईला हा कायदा नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

निळी_शाई
पण फिर्यादीच सासरचे असतील तर आदेश घेऊन त्याच ओसरीवर जाऊन बसायचं? जामिनाच्या अटीत साक्षीदारांना भेटू नये असं असतं. तिथे गेली की जामीन रद्द करण्याचा अर्ज ठेवलेलाच.

पाणपोई
अगदी बरोबर. अशा वेळी निवास आदेशात पर्यायी घर किंवा भाडं मागायचं, त्याच कलमात ती सोय आहे. त्या रात्रीपुरता आसरा म्हणजे सखी वन स्टॉप सेंटर, पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे शक्ती सदन, पूर्वीची स्वाधार गृहं. पण तिथे मोठ्या मुलाला सोबत ठेवता येत नाही, आणि आई तिथेच माघार घेते. म्हणून मुलाची व्यवस्था आधी, सदन नंतर. महिला हेल्पलाइन १८१ ला फोन केला की जवळचं केंद्र सांगतात. मुंबईकडे 'प्रयास', टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प, १९९० पासून याच कामात आहे.

शब्दवेडा
या वेळी अवांतर नाही. आत शिवणकाम शिकतात त्याच्या प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव असतं ना? ते घेऊन कुठे जायचं?

रानजाई
चांगला प्रश्न. प्रशिक्षण देणारी संस्था बाहेरची असेल (आयटीआय, कौशल्य विकासवाले) तर प्रमाणपत्र त्या संस्थेच्या नावाने मागायचं, ते मिळतं. दुसरी अडचण: आत शिकतात ते मोटरच्या जुकी मशीनवर, एकच शिलाई दिवसभर. बाहेर हाताशी पायमशीन आणि गिऱ्हाइकाला हवा पूर्ण ब्लाउज, बाहीसकट. कटिंग आत फारसं शिकवत नाहीत, कारण कात्री देत नाहीत.
चारित्र्य पडताळणीचंही लिहा. निर्दोष सुटली तरी पोलिसांच्या नोंदीत केस 'प्रलंबित' राहते. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठाण्यात देऊन पोच घ्यायची. दोन जास्तीच्या नकला काढून ठेवाव्यात.

तिरकी_रेघ
सगळं वाचून कच्चा मसुदा केला आहे:

तुरुंगातून सुटताना
१. सुटकेच्या आदेशातलं नाव, कलम, गुन्हा नंबर वाचून घ्या.
२. जामीनदार नसेल, सात दिवस झाले असतील: १५१०० (विधी सेवेचा फोन). बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.
३. तुरुंगाच्या दवाखान्याचे कागद आणि गोळ्या घेतल्याशिवाय निघू नका.
४. मोबाइल-दागिने पोलीस ठाण्यात. पंचनाम्याची प्रत मागा.
५. सिम, मग आधार, मग बँक, मग रेशन.
६. मूल कुणाकडे देताना बालकल्याण समितीत नोंद.
७. घर नसेल: १८१.
८. पुढची तारीख आणि सीएनआर नंबर: ____

मुक्काम_पोस्ट
मथळा बदला. ही बाई हा कागद पिशवीत घालून एसटीत बसणार, भाड्याच्या खोलीत उशाखाली ठेवणार. घरमालकिणीच्या हाती लागला तर खोली गेली. 'तुरुंग' हा शब्द पानावर कुठेच नको.

पाणपोई
हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मथळा नुसता 'कागदपत्रांची यादी' ठेवा. १५१०० आणि १८१ हे आकडे एवढे मोठे छापा की वाचता न येणारीलाही दुकानदाराला दाखवून फोन लावून घेता येईल.

निळी_शाई
आणि आठव्या ओळीला निदान सहा रिकाम्या रेघा. तारखा एक नसतात.

तिरकी_रेघ
'तुरुंग' दोन ठिकाणी होता, दोन्ही काढले. तिसऱ्यात नुसतं 'दवाखान्याचे कागद' ठेवतो. 'सुटकेचा आदेश' ला काय म्हणू? तोही शब्द बोलतोच.

कोर्टकचेरी
'कोर्टाचा कागद' लिहा. जमिनीच्या वादातही तेच म्हणतात.